खंड्याची पालखी आणि पळस्प्याची कोथिंबीर वडी

आमच्या गाडीत पुढची सीट अण्णांची आणि मागची अख्खी खंड्या-गुंडीची. मला उरते ती ड्रायव्हरची. अण्णांचं वय ८६. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यातली बरीचशी पनवेल डेपोत गेली. अजूनही गाडीत बसले की उजवा पाय ब्रेकवर ठेवल्यासारखा तयार असतो, आणि घाट लागला की माझ्याआधी त्यांचा हात गिअरकडे जातो. खंड्या आणि गुंडी दोन्ही गावठी कुत्री. खंड्या वडाळे तलावाच्या काठी सापडला, गुंडी उरण नाक्यावर मासळीच्या टोपल्यांमागे. दोघांनाही गाडीचं वेड, पण गुंडीला घाटात उलटी होते.

जानेवारीतला रविवार होता. खंडाळ्यापर्यंत जायचं, वाटेत खायचं आणि संध्याकाळी नेऱ्याला अण्णांच्या जुन्या कंडक्टरच्या वाडीवर पोपटीला पोचायचं, एवढंच ठरलेलं. निघताना शेजारचा मुलगा खिडकीशी वाकून म्हणाला, "काकू, एक्स्प्रेसवेनं जा की. तासाभरात वर पोचाल." पोचलो असतो. पण गुंडीला उलटी यायची ती कुठेही येते आणि त्या रस्त्यावर वाटेल तिथे कडेला थांबता येत नाही. २००२ साली तो पुरा खुला झाला तेव्हापासून तिथे पायी माणसाला बंदी, दुचाकीला बंदी, बैलगाडीला आणि जनावरांना बंदी. कुत्र्याला गाडीच्या काचेआडून तेवढी परवानगी. म्हणून आम्ही जुन्या रस्त्यानंच जातो. चार वर्षं असं जाता जाता माझ्या लक्षात आलं, की हा रस्ता कुत्र्यांच्या सोयीचा आहे, कारण तो मुळात बैलाच्या सोयीनं बेतलेला आहे.

बैलाची मजल दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. त्याला पाणी लागतं, सावली लागते, चढाआधी विसावा लागतो. पनवेल, चौक, खोपोली, खंडाळा ही नावं एका दमात म्हणून बघा, बैल कुठे कुठे सुटत असतील ते कळतं. पुढे त्याच ठिकाणी बसचं बॉनेट उघडायला लागलं. बॉनेट उघडलं की माणसं उतरतात, माणसं उतरली की कुणीतरी कढई चढवतं. या रस्त्यावरच्या सगळ्या वड्यांचा इतिहास माझ्या मते एवढाच आहे.

आम्ही टपाल नाक्यावरून बाहेर पडतो. घाटात गाडीरस्ता झाला नव्हता तोवर मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीत बसून पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे घोडा, पालखी, नाहीतर आपले पाय. टपालही याच वाटेनं जायचं. गावाला नगरपालिका मिळाली १८५२ साली, म्हणजे मुंबईत पहिली आगगाडी धावली त्याच्याही एक वर्ष आधी. पनवेलचा खास धंदा कुठला, तर गाडीची चाकं. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये पनवेलपुढे हेच लिहून ठेवलंय, की इथे चाकं बनतात आणि त्यांची एक जोडी आपल्याकडे असावी म्हणून जिल्ह्यातला प्रत्येक शेतकरी धडपडतो. आज गावात टायरची दुकानं मोजून संपत नाहीत. मला त्यात फारसा फरक वाटत नाही.

या रस्त्यानं निघालेली सगळ्यात रखडलेली सहलही पनवेलचीच. १७७८च्या अखेरीस राघोबादादाला पेशवाईच्या गादीवर बसवायला इंग्रजांची फौज मुंबईहून येऊन पनवेलला उतरली. चार हजारांच्या आतबाहेर शिपाई आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल! एवढं लटांबर बोरघाटातून वर चढवायचं म्हणजे काय होणार? घाट चढून तळेगावापर्यंत जायलाच जानेवारी उजाडला. तोवर पुण्यात सगळी तयारी झालेली. वडगावला इंग्रजांना नाक घासून तह करावा लागला. शाळेत आम्हाला वडगावचा तह मराठ्यांच्या पराक्रमाखाली शिकवला. तो होताच. पण अण्णांचं मत वेगळं आहे. "घाटात ओव्हरलोड गाडी कशाला घालावी माणसानं?"

पळस्पे फाट्यावर पहिला मुक्काम. इथे गोव्याचा रस्ता फुटतो, त्यामुळे सकाळी सातलाही इथे अर्धा महाराष्ट्र चहा पीत उभा असतो. दत्त स्नॅक्सची कोथिंबीर वडी आमच्या घरात पोह्यांसारखी धरून चाललेली गोष्ट आहे. मी ती गाडीतच मागवते. कडा करकरीत, आत मऊ, तीळ दातांखाली येणारे, आणि कागदावर तेलाचा डाग मावळत्या चंद्राएवढा. अण्णांना बरोबर पियुष लागतं. जायफळाचा वास आला की खंड्या शिंकतो, दर वेळी. दोघा कुत्र्यांना घरून आणलेला दहीभात, तोही वाटीभरच, कारण पुढे घाट आहे. माणसाच्या ताटातलं कांदा-लसूण घातलेलं काही त्यांना द्यायचं नाही हे मी डॉक्टरांकडून एकदा धडा घेऊन शिकले आहे.

दत्ताच्या नावाच्या दारात कुत्री बरोबर असली की बरं वाटतं. महाराजांच्या पायाशी चार असतात, माझ्याकडे दोनच. भिंतीवरच्या तसबिरीत त्या चौघांना चार वेद म्हणतात. बाहेर बाकाखाली झोपलेल्याला मात्र हाड म्हणतात. आपल्या लोकांचं कुत्र्याशी असं पहिल्यापासून दुटप्पी आहे.

अण्णा मूळचे साताऱ्याचे, संगम माहुलीजवळचे. त्यामुळे आमच्या घरातला प्रत्येक कुत्रा खंड्या. हा चौथा. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याचं नाव खंड्या. शिकारीत वाघानं महाराजांवर झेप घेतली तेव्हा कुत्र्यानं त्यांचा जीव वाचवला, अशी हकिगत. इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवून ठेवलंय, की शाहूंनी त्या कुत्र्याच्या नावे सनदा काढल्या, जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. भर दरबारात त्याला जरीचे कपडे आणि दागिने चढवून आपलं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं, हेही डफच सांगतो. त्याला त्यात राजाचा वेडसरपणा दिसला असावा. मला दिसतो तो पालखीतून चाललेला कुत्रा. वाहनातून प्रवास करणारा मराठी मुलखातला पहिला लाडका कुत्रा म्हणून मी त्याचंच नाव घेईन. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा वाद मी इथे उकरत नाही. पियुष संपेपर्यंत तो मिटणारा नाही.

शाहू महाराज १७४९ साली गेले. त्यानंतर ८३ वर्षांनी मुंबईत कंपनी सरकारनं कुत्र्याची किंमत ठरवली, एका मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता. पैशाच्या आशेनं शिपाई लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र, मृत्यूनंतरच्या विधीतही त्याला स्थान. जून १८३२मध्ये कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, दंगल उसळली, दुकानं बंद झाली, सैन्याला जाणारा पाव-मटणाचा पुरवठा अडवला गेला. लष्कर बोलवावं लागलं. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकारानं मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. ही दंगल झाली तेव्हा बोरघाटातला गाडीरस्ता जेमतेम दीड वर्षाचा होता. गव्हर्नर माल्कमनं तो नोव्हेंबर १८३०मध्ये खुला केला. म्हणजे माणसाला चाकावर बसून घाट चढण्याची सोय झाली त्याच सुमारास कुत्र्याचा भाव आठ आण्यांवर आला.

चौकच्या अलीकडे रस्ता अडला. पुढे मेंढरं. धनगरांचा वाडा एका शेतातून उठून दुसऱ्या शेतात निघाला होता. दिवाळीनंतर हे लोक देशावरून घाट उतरून कोकणात येतात, पावसाआधी परत वर जातात. भात कापलेल्या शेतात रात्री वाघर लावून मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी शेताला खत होतं, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, कधी पोरं आणि कधी कुत्रीची पिल्लं. बाकी कुत्री पायी, कळपाच्या मागे-पुढे. कुत्री बरोबर घेऊन, वाटेत चूल मांडत, महिनोन् महिने रस्त्यावर राहणं आम्ही हौसेनं एक दिवस करतो, ते हे लोक पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक या धनगरांच्या ओव्या आणि देव समजून घ्यायला वर्षानुवर्षं त्यांच्यामागे हिंडले. आपल्यापैकी बहुतेकांनी मात्र त्यांच्याकडे पाहिलं ते हॉर्नवर हात ठेवून.

खंड्या काचेला नाक लावून गप्प बसला होता. एरवी रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की तो गाडी डोक्यावर घेतो. धनगराची ती तपकिरी, कान कापलेली कुत्री गाडीजवळून गेली, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. ती कामावर होती.

"इथंच," अण्णा म्हणाले. ते दर वेळी म्हणतात, आणि मी दर वेळी ऐकते. १९७१चा हिवाळा. पनवेल-पुणे गाडी, छप्पन माणसं. असाच वाडा आडवा आला. गाडी बंद करून अण्णा खाली उतरले, बिडी पेटवली. गावाकडची बोली ऐकून एका धनगरणीनं विचारपूस केली, अण्णांनी माहुलीचं नाव सांगितलं. तिच्या घोड्यावरच्या टोपलीत चार पिल्लं होती. एक कृश होतं, ते चालीनं टिकणार नाही म्हणाली, आणि उचलून अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणाशेजारी आपल्या खाकी कोटात गुंडाळून ठेवलं. पंधरा मिनिटांनी कंडक्टर मागून पुढे आला, कोटात हललेलं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, ह्याचं तिकीट फाडू का?" तो आमचा पनवेलचा पहिला खंड्या. चौदा वर्षं जगला. बसचा आवाज ऐकला की आयुष्यभर शेपूट हलवायचा.

खोपोलीला मोठा थांबा. इथे घाटाच्या पायथ्याशी नाना फडणविसांनी बांधलेलं तळं आहे आणि शेजारी महादेवाचं देऊळ. सव्वादोनशे वर्षांहून जुनं ते तळं मला फार शहाणं बांधकाम वाटतं. चढाआधी पाणी. राज्य चालवणाऱ्या माणसाला एवढं कळलं की पुरे. मी पायरीच्या कडेला बाटलीतलं पाणी वाटीत ओतून कुत्र्यांना पाजते. अण्णा तळ्याकडे बघत रेडिएटरच्या गोष्टी सांगतात. त्यांच्या काळात इथे पाणी भरल्याशिवाय कुणी गाडी वर घालत नसे. ठाण्याच्या खाडीवर पूल झाला १९७३ साली. त्याआधी मुंबईची गाडी ठाणे, मुंब्रा, शीळ असा वळसा घेऊन पनवेलला यायची, ती इथे पोचेस्तोवर इंजिनाला आणि माणसांना सारखीच तहान लागलेली.

खोपोलीत रमाकांतचा वडा घेतला. तो आम्ही बंद गाडीत, काचा वर करून खातो. कारण गेल्या वर्षी पुढच्या एका टपरीवर घडलं ते असं. मी गुंडीचा पट्टा मनगटाला गुंडाळून पैसे देत होते. शेजारी मोटारसायकलवाला, जाड जाकीट, गुडघ्याला कवचं, एका हातात बशी. गुंडी उडाली आणि वडा गेला. चावलासुद्धा नाही, गिळला. वर हिरवी मिरचीही. मी त्याची माफी मागू, का तिच्या तोंडात बोटं घालू, का डॉक्टरांना फोन लावू. त्या भल्या माणसानं दुसरी बशी घेतली आणि मलाच एक वडा दिला. डॉक्टर म्हणाले, एका वड्यानं काही होत नाही, पाणी पाजा, लक्ष ठेवा. लक्ष मला ठेवावं लागलं नाही. शिंग्रोबाच्या आधीच्या वळणावर सगळं बाहेर आलं, माझ्या नव्या शालीवर.

शिंग्रोबाचं देऊळ जुन्या घाटरस्त्याच्या कडेलाच आहे. धनगर होता तो. लोक सांगतात, साहेबाला घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबानं मेंढरं चारता चारता दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आमचा देश आम्हाला परत द्या. साहेबानं गोळी घातली. कुणी म्हणतं ही गोष्ट गाडीरस्त्याची, कुणी म्हणतं रेल्वेची. साहेबाच्या कागदांत इतर नावं आहेत. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल, जो १८५९ साली इथे आल्या आल्या वारला, आणि त्याची बायको ॲलिस, जिनं कंत्राट पुढे तडीस नेलं. घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते, पटकीनं आणि तापानं त्यांतले हजारो मेले. १८६३ साली गाडी घाट चढली. त्या मजुरांपैकी कुणाचं देऊळ नाही. शिंग्रोबाचं आहे, आणि ड्रायव्हर लोक अजून तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. अण्णांनी चौतीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. मेंढरं घेऊन वर्षातून दोनदा चढ-उतार करणाऱ्या माणसाला घाटातली सोपी वाट ठाऊक असणार, यात मला तरी काही अशक्य दिसत नाही. मी म्हटलं, "अण्णा, मेंढरू चढतं तिथे गाडी चढते, असंच ना?"

"खुळी का काय तू? मेंढरू कुठंबी चढतं. बैल चढंल तिथं गाडी चढते," अण्णा म्हणाले आणि पाच रुपयांचं नाणं माझ्या हातात दिलं. गुडघ्यांमुळे त्यांना आता उतरवत नाही. मी खंड्याला घेऊन उतरले. धनगराच्या देवाला कुत्रा चालतो, तिथे कुणी हाड म्हटलं नाही.

वर अमृतांजन पूल नाही याची सवय अजून झालेली नाही. १८३० सालचा, दगडी. टाळेबंदीत रस्ता रिकामा होता तेव्हा, एप्रिल २०२०मध्ये, सुरुंग लावून पाडला. वाहतुकीला अडचण होती हे खरंच, त्याच्या खांबांनी गाड्या अडायच्या. पण पुलाखालून गेलं की अण्णा हॉर्नवर एक टिचकी मारायचे, आणि बसमधली पोरं ओरडायची. आता त्या जागी आल्यावर त्यांचा अंगठा मांडीवर हलतो.

खंडाळ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गर्दी होती, धुकं नव्हतं. लोणावळ्यापर्यंत जाऊन चिक्की घेतली. रेल्वेच्या मजुरांना ताकदीसाठी गूळदाणी देत, त्यातून ही चिक्की निघाली असं लोणावळ्यात सांगतात. अण्णांना दात नाहीत, मला साखर आहे, कुत्र्यांना चालत नाही. तरी दोन किलो घेतली. लोणावळ्याहून हात हलवत परतण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

उतरताना गुंडी झोपली. नेऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अण्णांचे कंडक्टर, आता ८२ वर्षांचे, बांधावर बसून भांबुर्डीचा पाला निवडत होते. मडक्याच्या बुडाशी पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. ही पोपटी पनवेल, उरण, पेण, अलिबाग एवढ्याच टापूत खरी लागते, कारण तो पाला आणि ती शेंग एकाच वेळी इथेच मिळते, थंडीचे दोन-अडीच महिने. हॉटेलात मिळते तिला मी पोपटी म्हणत नाही.

अर्ध्या तासानं त्यांनी तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र झालं. "झाली," म्हणाले. मडकं सरळ करून फोडलं तेव्हा ओव्याचा आणि जळक्या पाल्याचा जो वास सुटला, त्यानं बांधापलीकडची चार कुत्री उठून आली आणि दहा हातांवर शिस्तीत बसली. आमची दोघंही आपसूक त्यांच्याच रांगेत जाऊन बसली. मी दोन अंडी सोलून थंड करायला ठेवली.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून रांगेकडे बघितलं. "मास्तर, ह्यातला खंड्या कुठला?"

"तो उजवीकडचा."

"तिकीट?"

"पास हाय त्याचा," अण्णा म्हणाले, आणि शेंगा सोलायला लागले.